कोटातला बंड्या

“आणि याला तुम्ही हसता?”

सुयोगने टीव्हीकडे बोट दाखवलं. पडद्यावर एक कुत्रा कोट-टोपी घालून, नाकावर चष्मा चढवून जेवणाच्या टेबलाशी बसला होता. समोरचे नट त्याला रावसाहेब म्हणत होते, वाकून नमस्कार करत होते.

दस्तगीरबाबा हसतच राहिले. दात नसलेलं तोंड उघडं टाकून.

बाबांच्या तकियात, त्या फकिरी मठीत, गुरुवारची माणसं जमली होती, सगळी साठीच्या पुढची. दर गुरुवारी हेच जुने विनोदी पिक्चर लागायचे आणि ही मंडळी त्याच त्या जागी हसायची. फकिरी घेण्याआधी बाबा कोल्हापूरला सिनेमासाठी जनावरं शिकवायचे. रावसाहेब झालेला हा बंड्याही त्यांच्याच हाताखालचा.

सुयोग बिरनाळे इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून इथे आला होता. घराचं दार बापाने लावून घेतलं होतं. बाबांनी शिष्य म्हणून ठेवून घेतलं नाही, तर जायला जागा नव्हती. आल्यापासून तो अंगण झाडत होता, पाणी भरत होता. बाबा हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. नुसते पिक्चर लावत होते.

आज त्याचं डोकं फिरलं.

मुक्या जिवाला कोटात कोंबायचं, नाचवायचं आणि वर खिदळायचं, याला त्याने त्या सगळ्यांच्या तोंडावर निर्लज्जपणा म्हटलं. एक काका समजूत घालायला पुढे झाले. तुम्हाला जन्मभर दुसऱ्याच्या समजुती घालण्यापलीकडे काय जमलं, असं विचारून त्याने त्यांनाही खाली बसवलं.

“यात गंमत कुठे आहे, ते तरी सांगा बाबा.”

“बाकी सगळे खोटं बोलतायत,” बाबा म्हणाले. त्यांची नजर पडद्यावरच होती. “तो नाही.”

“तो बघतोय कुठे, ते बघा,” सुयोग म्हणाला. “ताटाकडे नाही, माणसांकडे नाही. पडद्याबाहेर कुठेतरी… तुमच्या हाताकडे.”

“हो.”

“हात वर झाला की बसायचं. का, ते विचारायचं नाही.”



मग सुयोगला आवरेना, तो बोलतच सुटला. बापाने पाहुण्यांपुढे पाढे म्हणायला लावले होते. मास्तरांनी भाषणं पाठ करून घेतली होती. मार्क पडले की पेढा, नाही पडले की छडी. कोणता कोर्स घ्यायचा तेही म्हाताऱ्यांनीच ठरवलं, आणि त्यातल्या एकालाही तो कोर्स काय असतो ते माहीत नव्हतं. ते सगळं लाथाडून तो आला होता. आता कुणाच्याही इशाऱ्यावर हलणार नव्हता.

लाथाडून म्हणताना पाय भरल्या कळशीला लागला. सारवलेल्या जमिनीवर पाणी पसरलं. त्याचं लक्षही नव्हतं.

“मला शिष्य करून घ्या. तुमच्यावर माझा विश्वास आहे. सांगाल ते करीन, डोळे मिटून.”

बाबांनी पडद्यावरून नजर काढली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी सुयोगकडे नीट पाहिलं. मग उजवा हात वर केला.

सुयोग बसला. तिथेच, चिखलात. आशीर्वाद असेल म्हणून त्याने मानही वाकवली.

हात डोक्यावर आला नाही…

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसायला लागले, मघाशी रावसाहेबाला हसत होते तसे. ते काका तर डोळे पुसत होते.

सुयोगचे कान तापले.

“ऐकलं ना मी तुमचं? तुम्ही बसवलंत, बसलो. आता माझं काय चुकलं?”

फक्त बाबा हसत नव्हते.

“बंड्या आधी हात हुंगायचा.”