तळपायाचं तूप

राजा उदंडसेनाचा लाडका सोनचाफा सुकत चालला होता, आणि त्याच्या मुळाशी पाणी घालायला खुद्द राजाचीच बंदी होती. मुळं म्हणजे झाडाचे पाय, आणि राजवाड्यातलं झाड पायाने पाणी पितं, हे त्याला कमीपणाचं वाटे. म्हणून सेवक शिडी लावून फांद्यांवर गुलाबपाणी शिंपडत आणि पानांना बासुंदी चोपडत. मुंग्यांची चंगळ झाली, चाफ्याने मात्र मान टाकली.

बागेतल्या भागी माळणीला ते बघवेना. तिने बुंध्याभोवती आळं केलं, शेणखत कालवलं आणि घागरभर पाणी ओतलं. नेमका तेव्हाच राजा तिथे टपकला. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली! पायाने घेतलेलं वर चढतं हे उद्या दरबारात सिद्ध कर, तेही झाडाचं नाव न घेता; नाहीतर नवऱ्यासकट राज्याबाहेर चालती हो, असं त्याने फर्मावलं.

दुसऱ्या दिवशी नवरा बिचारा बोचकं बांधूनच दरबाराच्या दाराशी उभा राहिला. भागी मात्र काशाची वाटी आणि तूप घेऊन आत शिरली. महाराजांचे डोळे उन्हाने लाल झालेत, आधी त्यांत तूप घालते, असं म्हणत तिने बोट तुपात बुडवलं आणि ती थेट सिंहासनाकडे निघाली. राजा मागे सरकत सरकत सिंहासनाच्या पाठीला टेकला.

"अगं खुळे, तूप डोळ्यांत घालतात का? ते काशाच्या वाटीने तळपायाला चोळतात."

"पण महाराज, आग तर डोळ्यांची होतेय."

"होऊ दे. पायाला चोळलं की गारवा पार डोळ्यांपर्यंत चढतो. आम्ही रोज चोळून घेतो!"

दरबारात खसखस पिकली. लोक का हसताहेत, ते राजाला कळेना.

"सिद्ध झालं, महाराज," भागी म्हणाली. "आता झाडाचं नाव घेऊ का? चाफ्याची केसाएवढी बारीक मुळं मातीतलं पाणी ओढून घेतात. खताचा कस त्याच पाण्यात विरघळून शेंड्यापर्यंत जातो. पानांवरची बासुंदी तो चाटणार कशाने?"

आपल्याच तोंडून काय निघालं ते राजाला उमगलं आणि तो असा हसत सुटला, की मुकुट कानावर आला. चाफ्याला मुळाशी पाणी सोडायचा हुकूम त्याने तिथेच दिला. मग चांदीचे जाडजूड तोडे मागवून भागीच्या हातात ठेवले.

"घाल पायांत," तो म्हणाला. "तेज आपोआप तोंडावर चढेल!"