लाल सायकलीची साखळी

फार पूर्वी एका वाळवंटी देशात दरवर्षी अनेक दिवसांची सायकल शर्यत होई. सायकली आळीपाळीने पुढे होऊन वारा अंगावर घेत आणि बाकीच्या त्यांच्या आडोशाने धावत.

लाल सायकलीची पाळी आली की ती म्हणे, "माझी साखळी कुरकुरतेय गं. उद्या नक्की."

शेवटच्या दिवशी बाजूने जोराचा वारा सुटला. सायकलींनी एकमेकींच्या आडोशाला तिरकी रांग धरली आणि सगळा रस्ता भरून गेला. लाल सायकल उघड्यावर पडली.

"मावशी, मला आत घ्या ना," ती थोराड निळ्या सायकलीला म्हणाली. "आज वारा घ्यायला मी सगळ्यांच्या आधी पुढे होईन."

"होशील की. पण साखळी कुरकुरतेय ना तुझी? तू आपली सावकाश ये."

रांग धुळीत दिसेनाशी झाली. लाल सायकल एकटीच वाऱ्याशी झटत राहिली. तिची साखळी जराही कुरकुरत नव्हती.