उघडी काडी

"...पण माय, तुझ्या सावलीत मी वाढू तरी कसा?"

बांधावर उभं राहून मोरेश्वरबुवा भागूमायला विचारत होता. बुवा कसला, कालपर्यंत मायच्या मठात चूल सारवणारा मोरू! पण पलीकडच्या गावाने नवा मठ बांधला, गुरू म्हणून ह्यालाच बोलावलं. वर शाल पाठवली, बैलगाडी धाडली. आता मायने "जा" म्हणायचं तेवढं बाकी.

माय खाचरात पाय सोडून बसलेली.

"जाशील रे. आधी भाताची काडी दाखव मला. पानं सोलून. उघडी."

"एवढंच?"

बुवाने धोतर खोचलं न् उतरला चिखलात. कडेचं भात अजून लहान होतं. एक रोप धरून सोलत सुटला. पान. आत पान. त्याच्याही आत पान...

"माय! काडीच नाही आत!"

"मग उभं कशावर होतं रे?"

बुवाने हातातली सोललेली पानं चाचपली.

"पानांवर!" बुवा पोरासारखा ओरडला.

"त्या पलीकडच्या खाचरात बघ. भात पोटरीत आलंय, पोट फुगलंय बघ कसं."

बुवा धावलाच. फुगलेलं एक रोप धरलं, जपून पान सोललं. आत काडी! कोवळी लुसलुशीत, शेंड्याला दुधाळ लोंबी.

"सापडली! माय, सापडली! बघ कशी मोकळी..."

त्याने हात काढला.

काडीने मान टाकली.

माय बोळक्या तोंडाने खिदळली. "सुटली गं बाई एकदाची!"

बुवाने झटकन काडी चिमटीत धरली.

"ओ बुवा!" गाडीवाला ओरडला. "बैल खोळंबलेत!"

"थांब रे! सोडली तर मोडेल ही... माय, किती वेळ धरू?"

"तिची ती टणक होईस्तोवर."

"आणि गाडी?"

माय पायाने चिखल ढवळत राहिली...

बुवाने खांद्यावरच्या शालीचा काठ दातात धरला न् टर्रकन फाडला. नवीकोरी शाल! काडीभोवती हलक्या हाताने गुंडाळला. आवळला नाही, वरून वाट मोकळी ठेवली. मग श्वास धरून हात काढला.

"उभी राहिली! माय, उभी राहिली गं!"

माय चिखलात हात टेकून उठली, जवळ आली न् तो हात उरलेल्या शालीला खुशाल पुसला.

"आता जा," ती म्हणाली. "पान झालास."