पारवी घोडी आणि पागेची पहिली परीक्षा

एका राज्यात राजकन्या कुवलया सात वर्षांनी परत येत होती. समुद्रापलीकडच्या गुरुकुलातून निघताना तिने मनाशी चित्र रंगवलं होतं: वेशीवर शंभर स्वार सामोरे येतील, टापांनी जमीन हादरेल, आणि आपण घोड्यावरूनच नगरात शिरू. सामोरी आली ती एक बैलगाडी. गाडीवानाने मुजरा केला, गवताच्या पेंढ्या बाजूला सारल्या आणि बसायला जागा करून दिली.

राजवाड्याशेजारच्या पागेत बहात्तर घोडे दगडाचे होऊन उभे होते. कुणाचा पाय अर्धवट उचललेला होता, कुणाच्या तोंडातला घास तोंडातच होता. जिवंत एकच होती, करड्या रंगाची घोडी पारवी.

कुवलयेच्या पित्याने, राजा भद्रायूने, हकिकत दोन वाक्यांत उरकली. उत्तरेच्या मांत्रिकाची घोडी त्याने लढाईसाठी मागून नेली होती. ती मेली, आणि क्षुल्लक कारणावरून मांत्रिक कोपला. तेव्हापासून दर अमावास्येला एक घोडा दगड होत आला. उःशाप मात्र सोपा होता. राजघराण्यातल्या कुणीतरी पागेची पहिली परीक्षा उत्तीर्ण व्हावं, म्हणजे सारे घोडे उठतील. संधी तीन. तिसरी हुकली, तर या भूमीवर पुन्हा घोडा म्हणून दिसायचा नाही.

ही परीक्षा घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांची बारा वर्षांची पोरं देतात. कुवलयेच्या दोन चुलतभावांनी ती दिली होती आणि दोघेही नापास झाले होते. राजाने स्वतः बसावं असं दरबारात कुणी सुचवलं नाही. राजाच्या मनात आलं असलं तरी तो बोलला नव्हता.

“मी बसते, आबासाहेब,” कुवलया म्हणाली. “अश्वशास्त्राचे अठरा अध्याय मला मुखोद्गत आहेत.”

“परीक्षा अमावास्येला असते, आणि तिला नऊच दिवस उरले आहेत.”

“नऊ पुष्कळ झाले.”

पागेत सुभानजी नावाचा म्हातारा मोतद्दार होता. त्याच्या पाठीमागे, खुंटावर, एक काळा कोतवाल पक्षी बसलेला होता. त्याची दुभागलेली शेपटी कात्रीसारखी दिसे. मांत्रिकाने त्याला परीक्षक नेमलं होतं, आणि तो बोलत असे.

“दोन भाऊ पाहिले,” कोतवाल म्हणाला. “आता बहीण पाहू.”

कुवलया थेट पारवीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि शुभलक्षणांचा अध्याय म्हणू लागली. चौथ्या श्लोकाला पारवीने लाथ झाडली. राजकन्या लिदीच्या पाटीत जाऊन बसली.

सुभानजी हसला नाही, पण त्याच्या मिशा हलल्या. “ताईसाहेब, तिला तुमचे श्लोक नकोत. तुम्ही कोण, कुठून येताय, एवढं सांगा. आधी आवाज, मग हात.”

ते नऊ दिवस कुवलयेने कधी नव्हे इतके कष्ट केले. पहाटे लीद भरायची, मग वैरण, मग पाणी, मग खरारा. हातांना फोड आले. शास्त्रात तंगाची, म्हणजे जिनाच्या पोटपट्ट्याची, लांबी दिलेली होती. घोडी पोट फुगवून धरते आणि मग तंग सैल पडतो, हे दिलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिने जीन चढवलं, तंग आवळला, ऐटीत रिकिबीत पाय घातला आणि जिनासकट फिरून पारवीच्या पोटाखाली लटकली. सुभानजीने तिला सोडवलं आणि सांगितलं, की तंग एकदा आवळायचा तो शिष्टाचार म्हणून आणि दुसऱ्यांदा आवळायचा तो जिवासाठी.

सहाव्या दिवशी ती चिडली. राज्य बुडायला आलं असताना आपण लीद काढत बसलो आहोत, याचा काय उपयोग, असं तिने विचारलं. सुभानजी म्हणाला, राज्याचं त्याला फारसं कळत नाही, पण घोडीच्या पायाखाली ओल राहिली तर खूर सडतो. कुवलयेने पुन्हा पाटी उचलली. नवव्या दिवशी ती पागेच्या दारात आली तेव्हा पारवीने आपण होऊन मान वळवली.

अमावास्येची सकाळ उजाडली. सारं नगर पागेभोवती जमलं. कोतवाल खुंटावर बसला.

“पहिलं काम. खूर साफ कर.”

कुवलयेने आवाज दिला, पारवीच्या खांद्यावरून हात खाली नेला आणि पाय उचलला. पहिल्या खुरात चिखल होता, दुसऱ्यात खडा. तिसऱ्यात बोराएवढं माणिक होतं, दिव्यासारखं पेटलेलं. गर्दीतून हुंकार उठला. थोरला चुलतभाऊ इथेच चुकला होता. माणिक मुठीत घेऊन तो राजाकडे धावला, आणि मूठ उघडली तर आत निखारा होता. कुवलयेने माणिक खड्यासोबत पाटीत टाकलं आणि चौथा पाय उचलला. खूर स्वच्छ दिसत होता. तिने अंगठ्याने दाबून पाहिलं. पारवी शहारली. आत काटा होता, केसाइतका बारीक. तो तिने काढला.

“दुसरं काम. जीन घाल.”

जीन चढवताच पारवीने पोट फुगवलं. आधी ते मडक्याएवढं झालं, मग रांजणाएवढं, मग पागेच्या दोन्ही भिंतींना टेकलं. धाकट्या भावाने इथे गुडघा मारून तंग खेचला होता आणि तो तुटून त्याच्याच तोंडावर बसला होता. कुवलयेने तंग हलका बांधला, मग तिच्या कानाशी “चल गं बाई” म्हणून तिला दहा पावलं चालवलं. कुणी किती वेळ श्वास धरून चालणार? पारवीने सुस्कारा सोडला, पोट जागेवर आलं, आणि तंग दुसऱ्यांदा आवळला गेला.

“तिसरं काम. तीन फेऱ्या.”

पहिली फेरी चालत झाली, दुसरी दुडकीने. तिसऱ्या फेरीत पारवी अशी निघाली की दगडी घोडे एका रेषेसारखे दिसू लागले. मांड्या सोलवटल्या, घसा कोरडा पडला, पण कुवलयेने लगाम सैल हातानेच धरला. ती थांबली तेव्हा नगारे वाजले. राजा ओवाळणीचं तबक घेऊन पुढे आला. सरबताचे पेले आले. एका सेवकाने धावत येऊन लगाम मागितला, आणि कुवलयेने तो दिला.

ती तीन पावलं चालली. मग तिच्या लक्षात आलं की घोडे दगडाचेच आहेत आणि कोतवाल काहीच बोललेला नाही. मागे पारवी धापा टाकत होती. तिच्या मानेवरून घाम ठिबकत होता.

“पेला घे, लेकी,” राजा म्हणाला.

“आधी घोडी, आबासाहेब.”

तिने परत जाऊन लगाम घेतला. तंग सोडला, जीन उतरवलं, गवताच्या मुठीने पाठ कोरडी केली. मग पारवीला सावकाश चालवत राहिली. नगारे बंद पडले. लोक उन्हात उभे राहिले. श्वास ठिकाणावर आल्यावर तिने घोडीला थोडं पाणी दाखवलं, थांबली, पुन्हा थोडं दाखवलं.

कोतवालाने पंख झटकले. “उत्तीर्ण.”

बहात्तर घोडे एकदम खिंकाळले. थांबलेले घास चावले गेले, उचललेले पाय जमिनीवर टेकले, आणि सगळ्यांनी एकाच वेळी दाणा-चंदी मागितली. सुभानजी या घोड्याकडून त्या घोड्याकडे धावू लागला आणि त्याला रडायलाही सवड मिळेना.

राजाच्या हातातलं तबक मात्र तसंच होतं. तो हळू आवाजात म्हणाला, “ती मांत्रिकाची घोडी माझ्यासाठी दोन दिवस धावली होती. विजयाचे नगारे वाजले, मी उतरलो आणि जेवायला गेलो. कुणीतरी पाहील असं वाटलं. ती जिनासकट उन्हात उभी राहिली आणि उभ्याउभ्या मेली.” मग तो लेकीला म्हणाला, “तुला साऱ्या अश्वदळाचं आधिपत्य देतो. ही परीक्षा आता बंद करू. तिने फार दुःख दिलं.”

कुवलयेने उद्या सांगते म्हटलं, कारण घोड्यांच्या तोंडाला बांधायचे चंदीचे बहात्तर तोबरे भरायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दरबारात आली तेव्हा तिच्या अंगाला वैरणीचा वास येत होता. तिने आपला निर्णय सांगितला. आधिपत्य ती घेईल, पण परीक्षा चालू राहील, आणि ती दिल्यावाचून या राज्यात सेनापतीही घोड्यावर बसणार नाही.

“योग्य आहे,” राजा म्हणाला. “मग पहिलं नाव कुणाचं?”

“तुमचं, आबासाहेब.”

खिडकीत बसलेल्या कोतवालाने मान वळवून राजाकडे पाहिलं.

“आम्ही? या वयात?”

“परीक्षा पुढच्या अमावास्येला आहे. पहिल्या दिवशी फक्त लीद भरायची असते.”

राजाने मुकुट काढून सिंहासनावर ठेवला, बाह्या वर सारल्या आणि विचारलं, “पाटी कुठे असते?”