शेवटच्या पानावरचं पत्र

कॉलेजासाठी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप मागायला परभणीच्या डॉ. रेवती गायधनी सलग तिसऱ्या वर्षी तज्ज्ञ समितीपुढे उभ्या होत्या. अध्यक्ष डॉ. अग्निहोत्री एका मोठ्या संस्थेचे संचालक, आणि तोरा संस्थेहून मोठा. फाइल न उघडताच ते म्हणाले, "असं यंत्र आमच्याकडे आहेच की! तिथे या. तुम्हाला वेगळं हवं, असं सांगणारं एका तरी नामवंत तज्ज्ञाचं पत्र आहे का?"

"आहे ना सर. शेवटचं पान बघा."

अध्यक्षांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "आमच्या यंत्रावर इतकी गर्दी आहे, की तुम्हाला दोन वर्षं तरी वेळ देता येणार नाही..." आणि ते एकदम थांबले.

"खाली सही आहे सर, तुमचीच," बाई शांतपणे म्हणाल्या. "हे तज्ज्ञ समितीला चालतील ना?"