चांदरी आजीचं माप

जनावरं माणसांपेक्षा जास्त बोलायची, तेव्हाची गोष्ट. रानात चांदरी नावाची म्हातारी म्हैस होती. थंडीत तिचे गुडघे असे धरायचे, की ती उठताना कण्हली तर आख्ख्या रानाला ऐकू जायचं. टेकडीवरनं गरम पाण्याचा झरा यायचा, पण धार बारीक. बसून शेकायला जागाच नव्हती. मग सगळ्यांनी मीटिंग घेतली.

माकड म्हणालं, "लाकडी टब करू. वाघ आला की उचलून पळायचं."

"म्हशीसकट का रे, पैलवान?" साळिंदर खिदळलं. "जमिनीत कुंडच खणू. पक्कं काम. पोरासोरांनाही होईल."

"म्हातारीला खड्ड्यात घालतोस व्हय?"

"मग तू मिरव तिला वरातीसारखी!"

आजी म्हणाली, "लेकरांनो, कायबी करा, पण ही थंडी सरायच्या आत करा."

"थांब गं आजी, घाई नको," दोघं म्हणाली. माकडानं वेलीनं तिचं माप घेतलं. साळिंदराचा माकडावर भरवसा नव्हता, म्हणून त्यानंही घेतलं. रोज मीटिंग, रोज नवं माप. "आजी, ऊठ. आजी, बस. आजी, जरा वळ."

पौष सरता सरता एकदा आजी बसली, ती उठलीच नाही.

मग मात्र कुणी भांडलं नाही. साळिंदरानं दुपारपर्यंत खड्डा खणला, माकडानं माती ओढली. आजी त्यात अगदी बरोबर मावली. माप तयारच होतं ना.