कुरडईत अडकलेली परी

लग्न होऊन या घरात आले, त्या श्रावणात मी एक वसा घेतला होता. दर शुक्रवारी पूजा आटोपली की दारात जमलेल्या मुलांना गूळ-फुटाणे द्यायचे आणि सोबत एक कहाणी सांगायची. त्यातलीच ही. फुटाणे खात खात ऐका.

नदीकाठच्या एका गावात शेवंता नावाची मुलगी होती. सगळे तिला शेवू म्हणत. घरी ती आणि तिची आई, हौसा. आई मोगऱ्याचे गजरे करायची आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजारात विकायची. गजरे पांढरेशुभ्र, टपोरे, गार गार. पण आईच्या पायात चपला नव्हत्या. चैत्रातली वाट तव्यासारखी तापायची. आई सावली बघून टुणटुण उड्या मारत जायची आणि वर हसून म्हणायची, "बघ शेवू, तुझी आई चिमणी झाली."

शेवूला हसू यायचं नाही. रात्री आईच्या तळव्यांना तेल लावताना तिला ते लाल लाल फोड दिसायचे.

म्हणून सुट्टी लागल्यापासून शेवू आळीत पडेल ते काम करायची. कोणाच्या वाती वळून दे, कोणाचं दळण आण, कोणाची समई चिंचेने घासून लख्ख कर. काम झालं की शेजारीण प्रेमाने विचारायची, "काय देऊ गं तुला?"

आणि शेवू मान वेळावून म्हणायची, "काही नको."

लोकांच्या घरी काही मागू नये, हे वळणच होतं तिला. मग शेजारीण म्हणायची, "किती गुणाची पोर," आणि पापडाची एक लाटी हातावर ठेवायची. शेवूच्या पोटात लाट्या फार झाल्या होत्या. चपला मात्र दुकानातच होत्या.

एक दिवस शेजारच्या इंदूकाकूंनी कुरडया घातल्या. तीन दिवस भिजवलेला गहू, त्याचा चीक, पहाटे उठून शिजवलेला. परसबागेत जाईच्या मांडवाशेजारी पांढऱ्या धोतरावर जाळीदार कुरडयांची रांगच रांग. जणू चांदण्यांची पिल्लं ऊन खात बसली होती.

"शेवू, राखण कर बाई," काकू म्हणाल्या. "लेकीच्या सासरी पाठवायच्यात. कावळ्याला बोट लावू देऊ नकोस."

"कावळ्याला बोटं असतात का काकू?"

"चोच गं. वटवट करू नकोस, काठी धर."

काकू आत गेल्या. शेवू काठी धरून बसली. तेवढ्यात एका ओल्या कुरडईतून बारीकसा आवाज आला, "अगं, मला काढ. माझे पंख चिकटले."

शेवूने वाकून पाहिलं. अंगठ्याएवढी परी. जाईच्या पाकळीचं परकर-पोलकं, मोरपिशी पंख आणि केसांत दवाचे इवले इवले मणी. सगळं चिकाने बरबटलेलं. शेवूने तिला अलगद उचललं, वाटीतल्या पाण्याने पंख धुतले आणि हळूच फुंकर घातली. पंख चमचमायला लागले.

"वास छान आला म्हणून चाखायला उतरले," परी जरा ओशाळून म्हणाली. "ते जाऊ दे. तुला तीन इच्छा. नियम नीट ऐक. पैसे मागायचे नाहीत, आमच्याकडे ते नसतात. मी विचारलं की तोंडातून पहिलं जे निघेल तेच धरणार. बोललेलं परत घेता येत नाही. बोल, काय देऊ?"

"काही नको," शेवू म्हणाली.

परीने टिचकी वाजवली. झगमग झालं, आणि काही आलं नाही.

"एक संपली," परी म्हणाली. "इतकी सोपी इच्छा मला आजवर कोणी सांगितली नव्हती. आता दुसरी. काय देऊ?"

शेवू घाबरून म्हणाली, "तुम्ही द्याल ते, परीताई."

परीने कमरेची पिशवी चाचपली. तिच्यात मोहरीएवढा मधाचा लाडू होता, तिचं दुपारचं जेवण. तिने जड मनाने तो पुढे केला. शेवूने खाल्ला. कुठे गेला ते दातांनाही कळलं नाही.

"आता मी उपाशी आणि तुझी एकच उरली," परी म्हणाली. "डोकं ठिकाणावर ठेव."

शेवूने डोळे मिटले. चपला, चपला, चपला, असं मनात घोकलं. तेवढ्यात माळावरून वावटळ उठली. गरगर गरगर करत, पाचोळा नाचवत ती थेट परसात शिरली. धोतराची चारी टोकं फडफडली. शेवूने दोन टोकं हातांनी धरली, दोन पायांनी दाबली. तरी धोतर पालखीसारखं वर उठायला लागलं.

"काय देऊ?" परीने विचारलं.

चपला ओठांवर आल्या होत्या. पण काकू पहाटेपासून चुलीपाशी उभ्या होत्या, आणि राखण शेवूने पत्करली होती.

"आधी ही वावटळ थांबवा," ती म्हणाली.

वारा पडला. एकही कुरडई हलली नाही. शेवूच्या डोळ्यांतून मात्र दोन थेंब गळले. तिने परीला आईच्या तळव्यांचं सगळं सांगितलं.

परी तिच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन बसली. "इच्छा संपल्या, बाळा. पण एक गोष्ट सांगते, सांगण्याला नियम नसतो. फुकटचं मागू नये, हे खरं. कष्टाचं मागितलं तर त्यात हावरटपणा नाही." एवढं बोलून ती वर उडाली. जाईचा मांडव सोनेरी झाला, केशरी झाला, आणि त्या उजेडात परी साखरेसारखी विरघळून गेली.

काकू बाहेर आल्या. शेवू चारी टोकं धरून पालथी पडलेली, गालावर कुरडईची जाळी उमटलेली.

"सगळ्या वाचवल्यास गं. काय देऊ तुला?"

"काही" पर्यंत शब्द आला होता. शेवूने तो गिळला. कान लाल झाले. "काकू, आईच्या पायात चपला नाहीत. त्यासाठी माझ्या कामाचे पैसे हवेत."

काकूंनी कपाळाला हात लावला. "अगं वेडाबाई, महिनाभर आम्ही तुला लाट्या चारतोय, आणि तू आज बोलतेस?" त्यांनी पदर खोचला आणि घरोघर जाऊन सगळ्यांना खडसावलं. "पोर नको म्हणाली आणि तुम्ही ऐकलंत? मीही ऐकलं म्हणा."

जमलेल्या पैशांतून संध्याकाळी चपला आल्या. दुसऱ्या दिवशी आईने त्या हातात घेतल्या आणि निघाली अनवाणी. म्हणे, नव्या आहेत, झिजतील. शेवूने त्या हिसकावून आईच्या पायात घातल्या. ऊन कितीही तापलं तरी त्या आतून गारच असायच्या. का, ते दुकानदारालाही सांगता आलं नाही.

तेव्हा मुलांनो, घेतलेलं काम शेवूसारखं निभवा आणि आपल्या कष्टाचं नीट तोंड उघडून मागा. आणि मुलांना घेऊन आलेल्या बायांनो, पोर लाजली तरी तिच्या हातावर तिचं जे असेल ते ठेवा. एवढं माझ्यासाठी कराच.